उंबराखालचा शिळा उजेड

१८ सप्टेंबर २०२५

नांदूरघाटच्या वाचनालयात मी झाडलोट करते, पेपर लावते, लोकांनी वाचून टाकलेली पुस्तकं जागेवर ठेवते. आज बद्रीनाथ सरांनी मागच्या वर्षीची एक कोरी डायरी दिली. म्हणाले, "भामाबाई, तारखा खोडून वापरा." खोडून वापरते आहे. सुरुवात आजच करायला कारण आहे.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर आज सापडलं.

आमच्या वाडीबाहेर जुनी बारव आहे. तिच्या तोंडावर उंबर वाढलाय, इतका दाट की भर दुपारी पायऱ्या उतरताना भिंत चाचपावी लागते. खाली डाव्या हाताला भिंतीत एक देवळी आहे. आत देव नाही. ऊन तर कुणाच्या आठवणीत तिथं गेलेलं नाही. तरी आतल्या दगडावर हिरवा थर आहे, भिजलेल्या पाटीसारखा काळपट हिरवा.

आमचे मालक उत्तरेश्वर विहिरीतल्या मोटारी काढायचं काम करत. शंभर विहिरी उतरले असतील. पण या देवळीपुढं त्यांचं पाऊल अडायचं. "उन्हाबिगर हिरवं होत न्हाई म्हणतेत. मग हे कावून हिरवं?" शाळेतल्या गुरुजींना विचारलं, शेतीखात्याच्या माणसाला विचारलं. धाकटे दीर भागवत पारावर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "दादा आता शेवाळाची हजेरी घ्यायलाय." लोक हसले, मालकही हसले. पण प्रश्न सोडला नाही. तो घेऊनच गेले. चार वर्षं झाली.

आज जुन्या विज्ञान मासिकांचा गठ्ठा बांधताना एक लेख दिसला. उभ्यानंच वाचला. झाडाचं पान उजेडातला निळा आणि तांबडा भाग खातं. पण तांबड्याच्याही पलीकडं एक गडद तांबडा असतो, आपल्या डोळ्याला जवळपास दिसतच नाही. तो पानाच्या कामाचा नसतो, पानातून खाली गळतो. दाट सावलीत आपल्याला अंधार वाटतो, पण तिथं हा उरलेला उजेड असतो. काही जिवाणू असे आहेत की ते नेहमीच्या हरितद्रव्याबरोबर एक वेगळं हरितद्रव्य बनवतात आणि त्या उजेडावर झाडासारखंच अन्न तयार करतात. गुहेत सापडलेत, दगडाखाली सापडलेत.

समजायला मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. लग्नात शेवटच्या पंगतीला आम्ही बायका बसतो. पातेल्याच्या तळाला असेल ते खातो, आणि पोट भरतंच.

२० सप्टेंबर

शेजारच्या हमीदाची मुलगी शाहीन दोन दिवसांसाठी घरी आली होती, आज परत निघायची होती. अंबाजोगाईला एम.एस्सी. करते, जिवाणूंचाच अभ्यास. लहानपणी मालकांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची. तिला लेख दाखवला. तिनं वाचला आणि चपला घातल्या.

"चला काकू, आत्ताच."

"अगं, चहा तर घे."

"चहा पळून जातोय का? पाणी चढायलंय बारवेत."

खरंच चढलं होतं. देवळीखाली चारच पायऱ्या उरलेल्या. शाहीननं उकळलेल्या चमच्यानं थर खरवडला, औषधाच्या काचेच्या बाटलीत घेतला, बारवेचंच थोडं पाणी घातलं. म्हणाली, तपासणीचं कॉलेजातलं यंत्र दुरुस्तीला गेलंय, दिवाळीनंतरच मिळेल. तिच्या खोलीवर चार मुली राहतात, तिथं कोण उलटंपालटं करील सांगता येत नाही, म्हणून तोवर बाटली माझ्याकडं.

"हे खरं निघालं तर लई मोठी गोष्ट हाय, काकू."

"निघणारच. तुझे काका डोळ्यांनी बघत होते."

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. बाटली माझ्या हातात देऊन ती पळत सुटली. लांबून ओरडली, "जपा बरं काकू!"

जपेन की. दुसरं काय येतं मला.

२२ सप्टेंबर

घट बसले. परडीत काळी माती, पाच धान्यं. बाटली घटाशेजारीच ठेवली, तोंडाला पातळ फडकं बांधून. आमचं देवघर म्हणजे आतल्या खोलीचा कोपरा, समईशिवाय उजेड नाही. हमीदा दारातूनच म्हणाली, "भाभी, शेवाळाला पण फुलं वाहिली का?" मी म्हटलं, एक वाहिलं.

२८ सप्टेंबर

पाऊस थांबायला तयार नाही. नदीचं पाणी पुलावर आहे, वाचनालय बंद. बारवेतली देवळी पाण्याखाली गेली. आता मालकांचं जे काही आहे ते माझ्या या बाटलीत.

आज सातवी माळ. घटातलं धान वीतभर वाढलंय, पण पिवळं पडलंय. दरवर्षी तसंच पडतं. उजेड नाही मिळाला की कोंब उंच होतो आणि रंग सोडतो, हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. घटाला ते शोभतं, पण शेजारच्या बाटलीचं काय? ही पण अशीच पिवळी पडली तर? लगेच उचलली आणि पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. पूर्वेची खिडकी. पाऊस असला तरी उजेड भरपूर येतो.

मालकांची खाट शेवटचे पाच महिने त्याच खिडकीखाली होती. दर पंधरा दिवसांनी आम्ही बार्शीला दवाखान्यात जायचो. पोटात साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल, असं मी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टर मला बाहेर बोलावून जे बोलले ते मी त्यांच्या कानावर जाऊ दिलं नाही. कागदपण मीच सांभाळायचे. माणसानं शेवटचे दिवस हसत काढावेत. बसमध्ये आमच्या हातातली दवाखान्याची खाकी फाईल बघितली की लोक न मागता उठून जागा द्यायचे. चांगली माणसं भेटली.

एकदा म्हणाले, "बारवेत न्हेशील का मला एकडाव?"

मी म्हटलं, बरं वाटल्यावर जाऊ.

"तू म्हणशील तसं," म्हणाले आणि खिडकीकडं बघत बसले.

१२ ऑक्टोबर

बाटली खुलली! काळपटपणा गेला. हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीसारखा हिरवा रंग आलाय. रोज सकाळी उन्हाकडं फिरवून ठेवते. बद्रीनाथ सरांना सांगितलं तर म्हणाले, तुमच्या हाताला गुण आहे.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. शाहीन बाटली न्यायला आली. हमीदाला मी फराळाचं ताट दिलं होतं, तिनं त्याच ताटातून शिरखुर्मा पाठवला. "ईद नसली तरी चालतंय," असा निरोपही.

मी बाटलीला चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. "नमुना. बारवेतली देवळी. प्रश्न विचारणारे: उत्तरेश्वर ज्ञानोबा." शाहीननं चिठ्ठी वाचली. मग बाटली खिडकीसमोर धरून बराच वेळ बघत राहिली.

"काकू, ही कवापासून खिडकीत हाय?"

"महिना होत आला. बघ कशी टवटवीत झाली."

तिनं बाटलीवरची चिठ्ठी बोटानं नीट दाबली. मग हसली. "छान ठेवलीत."

पिशवीतून काळा कागद काढून तिनं बाटली गुंडाळली. मी विचारलं, कागद कशाला? म्हणाली, प्रवासात लागतो. जाताना माझ्या पाया पडली. एवढ्यातेवढ्याला पाया पडणारी पोरगी नाही ती. यशासाठी पडली असेल.

६ नोव्हेंबर

शाहीनचा फोन आला.

"काकू, साधं निघालं."

"साधं म्हणजे?"

"नेहमीचंच हरितद्रव्य. दुसरं काही दिसलं न्हाई. मॅडमनी पण बघितलं."

"परत बघा की."

"बघू." मग म्हणाली, "तुम्ही जेवलाव का?"

अकरा वाजता कोण जेवतं?

फोन ठेवल्यावर तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच परत निवडत होते. लेखात सगळं जुळत होतं. सावली, ओल, दगड, काळपट रंग. आणि निघालं साधं. म्हणजे पारावरचे लोक बरोबर हसले होते.

९ नोव्हेंबर

भागवतची टोळी ऊसतोडीला निघाली. ट्रॅक्टरवर सामान चढवता चढवता म्हणाले, "वहिनी, शेवाळाला दाखला मिळाला का?"

"न्हाई मिळाला."

त्यांना हसायचं होतं, पण माझं तोंड बघून हसता येईना. म्हणाले, "दादाला न्हाई तरी हेच येड होतं." कोंबडीची पाटी वर चढवली आणि ट्रॅक्टर सुरू झाला. दाखला नाही मिळाला हे मी माझ्या तोंडानं सांगितलं, याचंच जास्त वाईट वाटलं.

१६ नोव्हेंबर

बाजाराची पिशवी अजून सोडलेली नाही, आधी हे लिहिते.

नांदूरघाटचा बाजार करून येत होते. उंबराजवळ पांढरी गाडी उभी. वाटलं, कुणी फोटो काढायला आलं असेल. पुढं गेले तर बारवेतून शाहीन वर आली. मागून चष्मा लावलेल्या एक बाई, बहुतेक तिच्या मॅडम. शाहीनच्या हातात काळ्या कागदात गुंडाळलेला डबा. पाणी उतरलंय, देवळी परत उघडी पडलीय, हे मला ठाऊक होतं. तिला पण ठाऊक होतं, आणि ती माझ्या दारावरून पुढं गेली होती.

मला बघून तिचा चेहरा उतरला. मॅडम काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलं नाही. घरी आले. तासाभरानं शाहीन हमीदाच्या ओट्यावर दिसली तेव्हा मला राहवलं नाही.

"साधं निघालं ना? मग डब्यात काय नेतीस?"

"काकू, मी सांगणारच होते..."

"कवा? पेपरात छापून आल्यावर? तुझ्या मॅडमला नाव पाहिजे, तुला डिग्री पाहिजे. माझ्या माणसाला लोक हसले तेव्हा कुठं होत्या तुझ्या मॅडम? त्याचा प्रश्न चोरला तू."

ती रडायला लागली. हमीदा पुढं आली. "भाभी, जबान सांभाळा. काकांच्या मांडीवर वाढलेली पोरगी हाय ती."

"म्हणूनच लागलं," मी म्हटलं. "परक्यानं नेलं असतं तर पोलीस पाटलाकडं गेले असते."

१९ नोव्हेंबर

हमीदाची स्टीलची वाटी माझ्याकडं होती. शेजारणीची वाटी आपल्याकडं रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर साखरेचे चार दाणे तरी टाकतात. मी घासून पुसून रिकामी नेऊन दिली.

हमीदानं वाटीत बघितलं, मग माझ्याकडं. "बरं," एवढंच म्हणाली.

वीस वर्षांचा शेजार. मालक गेले त्या दिवशी माझ्या घरात पहिला चहा तिनं केला होता. एवढं सगळं आठवूनच वाटी दिली.

२३ नोव्हेंबर

खिडकी रिकामी दिसते. बाटलीच्या बुडाचं गोल वर्तुळ राहिलंय लाकडावर. पुसलं नाही.

वाचनालयात मन लागत नाही. तो लेख परत काढला नाही.

३० नोव्हेंबर

पोस्टमन मोठा खाकी लिफाफा देऊन गेला. आत दोन आलेख आणि शाहीनचं पत्र. फोन मी उचलत नव्हते. पत्रातला मोठा भाग इथं उतरवून ठेवते.

"काकू, पहिला आलेख तुमच्या बाटलीचा. दुसरा आम्ही १६ तारखेला आणलेल्या नमुन्याचा. दुसऱ्यात सातशे आकड्याच्या पुढं, म्हणजे त्या गडद तांबड्या उजेडाच्या जागी, छोटा उंचवटा आहे, मी पेनानं गोल केलाय. तेच ते वेगळं हरितद्रव्य. काका बरोबर होते. मॅडमनी नोंदीत 'प्रथम कोणी पाहिले' या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलंय, तुमच्या चिठ्ठीवरून.

बाटलीत पण तोच जिवाणू होता. पण त्याला भरपूर पांढरा उजेड मिळाला की तो ते वेगळं हरितद्रव्य बनवणं सोडून देतो. गरज उरत नाही. नेहमीचं तेवढं ठेवतो. म्हणून रंग उजळला. मला त्याच दिवशी कळलं होतं. चूक माझी आहे, 'अंधारात ठेवा' हे मी सांगायला पाहिजे होतं, नुसतं 'जपा' म्हणाले. तुम्ही त्याला काकांसारखं जपलं होतं. ते तुमच्याच हातानं गेलं हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून साधं निघालं म्हणाले. वाटलं, दुसरा नमुना मिळाला की एकदम चांगलीच बातमी द्यावी. तुम्हाला दुःख होऊ नये एवढंच मनात होतं."

मालक बरोबर होते. हे वाक्य वाचायला चार वर्षं थांबले होते. वाचलं, आणि आनंद झाला नाही.

ती चोर नाही, हे कळलं. पण चोर परवडला असता. चोरानं निदान माझ्याकडं घेण्यासारखं काही आहे असं मानलं असतं. हिनं माझ्याच घरात बसून, माझी बाटली हातात धरून, "छान ठेवलीत" म्हटलं. या बाईला खरं सोसणार नाही असं तिचं तिनंच ठरवलं. मला विचारलं नाही. माझं काय सोसायचं राहिलंय? नवऱ्याला याच हातांनी शेवटची आंघोळ घातली मी. लेख मी शोधला, सावलीचं गणित तिच्याआधी मला समजलं, आणि एवढी साधी गोष्ट मला सांगायला ती घाबरली. तीन आठवडे ते सगळे लोक बरोबर हसले होते असं मानून मी जेवले, झोपले.

दया केली माझ्यावर. मी मागितली नव्हती.

२ डिसेंबर

आलेख बद्रीनाथ सरांना दाखवावेत म्हणून लिफाफा घेऊन बसमध्ये चढले. गर्दी होती. लिफाफा छातीशी धरून उभी होते. एक तरुण बाई, मांडीवर लेकरू, माझ्याकडं बघून झटकन उठली.

"बसा मावशी. बार्शीला निघालाव का?"

मी म्हटलं, न्हाई, नांदूरघाटला.

"फाईल दिसली म्हणून म्हटलं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता.

मी बसले. नांदूरघाट आलं तेव्हा उतरायचं सुचलं नाही, कंडक्टरनं हाक मारली.

खाकी फाईल घेऊन बार्शीला कोणत्या आजाराचे लोक जातात, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बसमधली अनोळखी बाई नुसता खाकी कागद बघून ओळखते. पाच महिने, दर पंधरा दिवसांनी, लोक मालकांना बघून उठत होते. मालक त्या जागेवर बसत होते. डोळे उघडे ठेवून बसत होते. शंभर विहिरींच्या अंधारात जे दिसायचं ते बघून आलेला माणूस. त्याला ते मऊ झालेले आवाज ऐकू आले नसतील?

"तू म्हणशील तसं."

त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि माझ्यासाठी ते पाच महिने साधी गाठ असलेला माणूस होऊन राहिले. मी त्यांना एकट्याला ठेवलं. घरात दोन माणसं, आणि त्यांना बोलायला कुणी नव्हतं. खिडकीत ठेवलं, उजेडाला, आणि वाटलं किती छान ठेवलं.

सरांना आलेख दाखवले नाहीत. झाडून घेतलं आणि परत आले.

५ डिसेंबर

भाजणीची थालीपीठं केली. आमच्याच वाटीत लोणी घालून हमीदाकडं गेले. तिनं वाटी घेतली, झाकण उघडलं.

"भरलेली हाय का बघायलीस?" मी विचारलं.

"तुमचा काय भरवसा, भाभी," ती म्हणाली. मग दोघींनाही हसू आलं, पण पूर्ण नाही. मी म्हटलं, शाहीनला रविवारी बोलव. येताना माझी बाटली आण म्हणावं.

७ डिसेंबर

शाहीन आली. ओट्यावर उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं, चल बारवेत. वाटेत मी पुढं, ती मागं. पायऱ्या उतरल्यावर मी तिला जे सांगायचं ते सांगितलं. ती चोर नाही हे सांगितलं. चारचौघांत बोलले ते चुकलं, हेही. मग म्हटलं, "पण तू माझ्याशी खोटं बोललीस. ते माझ्या मनातून गेलेलं न्हाई. कधी जाईल ते मला ठाऊक न्हाई."

"हां, काकू."

बाटली मी तिच्याकडून घेतली. चिठ्ठी अजून चिकटलेली होती. आतला रंग कोवळ्या भाजीसारखाच होता, बघायला सुंदर. ती देवळीत आत सरकवली, कोपरापर्यंत हात घालून.

"इथं ठेवली तर तो मूळचा रंग परत येईल का?"

शाहीननं वर उंबराकडं बघितलं, देवळीत बघितलं.

"दोन-तीन आठवडे लागतील. तो अजून जिवंत असला तर येईल. पण काकू, खरं सांगते, येईलच असं न्हाई."

"हां," मी म्हटलं. "असं बोलत जा."

तिला वर पाठवलं. पायरीवर बसले. हळूहळू डोळ्यांना सवय झाली आणि देवळीची कड दिसायला लागली. पाण्यात उंबराचं एक पान फिरत होतं.

मालकांना आधी उत्तर सांगितलं. पानं काय खातात, काय सोडतात, त्यावर कोण जगतं. सातशेच्या पुढचा उंचवटा सांगितला. रकान्यात नाव लागलं ते सांगितलं.

मग आजाराचं नाव सांगितलं. जठराचा कॅन्सर होता. डॉक्टर सहा महिने म्हणाले होते.

मी हळूच बोलले होते, तरी बारवेच्या भिंतींनी ते नाव परत म्हटलं.